कण जुळले तेव्हा

गावाकडची गाणारी बाई पोस्टरवर हवीच, हा हट्ट तुमचाच ना, साहेब? संगीत महोत्सवाच्या साहेबाला मनातल्या मनात असे शिव्याशाप देतच कॉम्प्युटरवर संगीत रचणाऱ्या फाबियाननं कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या ग्वापी गावाहून गाणाऱ्या नासारियामावशीला राजधानी बोगोतात आणलं. दुपारी तिची अंगाई माइकवर टिपून कॉम्प्युटरमध्ये भरली.

संध्याकाळी कार्यक्रमात त्याच्या संगीताच्या प्रोग्रॅममधले चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा पडद्यावर उमटल्या. टिपलेल्या आवाजाचे तुकडे होऊन त्याचे वाळूएवढे कण सभागृहभर उधळले. कोण गातंय तेही कळेना. कण हळूहळू लांबत जाऊन शेवटी अख्खं गाणं उलगडणार, अशी त्याची रचना होती. पहिल्या रांगेत मावशीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, "थांब बाई, आता मी येईन!"

कण लांबले आणि आवाज निघाला पुरुषाचा. दुपारी पडद्यावरची माइकची तार काढायला फाबियान विसरला होता, त्यामुळे माइक टिपतच राहिला होता. मावशी जेवायला गेल्यावर तो मित्राशी फोनवर जे बोलला, तेच अंगाई पुसून तिच्या जागी बसलं होतं. बंद करायला तो धडपडला, तोवर आठही स्पीकर त्याच्याच आवाजात खणखणीत बोलले, "म्हातारी पोस्टरपुरती आहे रे! तिच्या रेकण्यात मी जीव ओतला, नाहीतर कुत्रंसुद्धा ऐकत बसलं नसतं."

फाबियानची मान वर होईना. मावशी उठून मंचाच्या कडेला आली.



"खाली काय बघतोस, पोरा? माझं गाणं कुठं गेलं ते सांग."