दूधविनायकचा मराठी फळा

"घाटावरचा गाळ दिवाळीपूर्वी काढणार, हे तुम्ही गेल्या वर्षीही लिहिलं होतंत," शरदिनीवहिनी मागून म्हणाल्या.

"गेल्या वर्षीचीच ओळ आहे. नुसती पुसली नाही," बिंदूतात्या म्हणाले, आणि खडूनं पुढे जोडलं: 'कोणत्या दिवाळीपूर्वी, ते समजल्यावर कळवू.'

अठ्ठ्याहत्तरचा पूर उतरून महिना झाला होता. शिंदे घाटाच्या पायऱ्या अजून चिखलाखालीच होत्या. काशीतल्या दूधविनायक गल्लीच्या तोंडाशी महापालिकेच्या भिंतीवर दोन फळे होते. मोठ्यावर कचेरीचा माणूस हिंदीत लिही. शेजारच्या लहान फळ्यावर तेच सगळं तात्या मराठीत उतरवत. सत्तावीस वर्षं, फुकट. नळाच्या वेळा, देवीची लस, कार्तिकातल्या आकाशदिव्यांसाठी बांबू कुठे मिळतील ते.

एके काळी या फळ्यापुढे सकाळी गर्दी व्हायची. शरदिनीवहिनींचे सासरे चष्मा पुसत पुढे यायचे. आधी शुद्धलेखन तपासायचे, मग बातमी वाचायचे. त्यांच्याच ओसरीवर तात्यांनी मुळाक्षरं गिरवली होती. ते जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी दीर्घ वेलांटी देताना तात्या अजून मागे वळून बघत. कोजागिरीला गच्च्यागच्च्यांवर दूध आटायचं तेव्हा अख्ख्या गल्लीला वेलदोड्याचा वास यायचा. आता मुलं पुण्याला, इंदूरला गेली. राहिली ती तात्यांना "नमस्ते अंकल" म्हणत.

"उद्या कचेरीतून कारकून येणार आहे," तात्यांनी खडू खिशात टाकला. "गल्लीत एक तरी घर रोजच्या बोलण्यात मराठी बोलतं का, ते तपासणार. नसलं तर फळ्यावर चुना."

"एकच ना? अहो, माझं आहे, यज्ञेश्वरशास्त्र्यांचं आहे, तुमचं आहे."

"माझं सोडा," तात्या म्हणाले. "माझं कोण धरतंय? तुम्ही तेवढं सांभाळा. नातवंडांना बजावून ठेवा."

रात्रभर त्यांना झोप आली नाही. चुना मारलेली भिंत डोळ्यांपुढून हलेना.

कारकून तरुण होता आणि प्रामाणिक होता. दोन्ही एकदम म्हणजे कठीणच. त्यानं दाराबाहेर उभं राहून ऐकायचं ठरवलं होतं. "पूछने पर तो सब हाँ बोल देते हैं," असं त्याचं म्हणणं.

यज्ञेश्वरशास्त्री पाठशाळेत मराठी बोलू लागले की ऐकणाऱ्याला आपल्या डोक्यावर पगडी चढल्यासारखं वाटे. ते दारातच सजून बसले होते. तेवढ्यात आतून सूनबाईंनी विचारलं, "बाबूजी, सब्ज़ी क्या बनेगी?"

"अरे कुछ भी बना लो, दस बार पूछती हो!" शास्त्री ओरडले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "म्हणजे... शाक कोणतंही चालेल," ते पुटपुटले.

कारकुनानं फुली मारली.

बँकेतल्या श्रीरामच्या घरी फक्त रेडिओ बोलत होता, आणि तो लखनौचा होता. दुसरी फुली.

शरदिनीवहिनींनी मात्र कमाल केली होती. नातवंडं "आजी, मला पाणी दे," "आजी, मी अभ्यास करतो," असं पाठ केल्यासारखं बोलत होती. कारकुनाचा चेहरा निवळला. तात्यांनी भिंतीला टेकून श्वास सोडला.

आणि गच्चीवर माकड आलं.

"अरे भाग! ले गया रे, पूरा पापड़ ले गया!" वहिनी काठी घेऊन धावल्या.

"बंदर से हिंदी में बोलना माफ है," कारकून समजूतदारपणे म्हणाला. पण माकड गेल्यावरही पाव तास, दार कोणी उघडं टाकलं यावर आजी आणि नातवंडं भांडत होती, आणि त्यात मराठीचा एक शब्द नव्हता. शेवटी वहिनींनीच तोंडावर पदर धरला.

"तात्या, माझ्या जिभेला काय झालं हो?"

"काही नाही, वहिनी. पन्नास वर्षं काशीत आहे ती," तात्या म्हणाले.

गल्ली संपली. कारकुनानं कागद गुंडाळले. त्यालाही वाईट वाटत असावं. तात्यांनी त्याला पाणी प्यायला घरी नेलं. घर खालच्या टोकाला, पायऱ्यांना लागून.

"आलात?" आतून तात्यांच्या पत्नी गंगाकाकू म्हणाल्या. "आधी पायांवर पाणी घ्या, चिखल घेऊन शिरू नका. आणि पाहुण्यांना बसायला द्या, उभे काय ठेवलेत!"

"आई, चहात आलं घालू ना?" सून गीता.

"घाल. आणि कालचे शंकरपाळे काढ. डब्याचं झाकण घट्ट बसलंय, जरा ठोक."

कारकुनाचं पाणी हातातच राहिलं. तो ऐकत राहिला. कोणी त्याच्याकडे बघून बोलत नव्हतं. हा पाहुणा तपासायला आलाय, याची कल्पनाच या घराला नव्हती. त्यानं हळूच कागद उलगडले.

"हे घर धरू नका," तात्या घाईनं म्हणाले.

"क्यों? ये मराठी नहीं है?"

"है तो मराठी ही."

"रोज़ ऐसे ही बोलते हैं?"

"रोज़."

"फिर?"

तेवढ्यात गीतानं चहा आणला. तात्यांनी कप उचलला. कारकुनानं ठळक अक्षरांत लिहिलं: मराठी बोलणारी घरं, एक. फळा कायम ठेवावा. मग त्यानं मान वर केली.

"घर के मुखिया का पूरा नाम?"

तात्यांनी कप खाली ठेवला.

"लिखिए. बिंदुमाधव मल्लाह, वल्द रामखेलावन मल्लाह. बाप-दादा इसी घाट पर नाव खेते थे."