पुडक्याची गाठ

वहिनीचं पत्र उन्हाळ्यात आलं होतं, आणि थंडी दाराशी येऊन उभी राहिली तरी धाकट्याने त्याला उत्तर दिलं नव्हतं. डोक्यावर एकही काळा केस उरला नसला तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण थोरला, दुसऱ्या गावी का होईना, अजून होता.

आज कपाट आवरताना बायकोने लिफाफा त्याच्यापुढे टाकला. "हे ठेवायचं की फेकायचं?"

आत दोन ओळींचं पत्र आणि तळहाताएवढे तीन चौकोन होते. दोन कापडांच्या मध्ये भरण घालून वरून हाताने टाके मारलेले. एकात कापूस, एकात पॉलिस्टर, एकात लोकर. 'भावोजी, रजई हाताने शिवायची आहे. यातलं कुठलं घालावं, तेवढं सांगा.'

"तेवढं!" बायको म्हणाली. "जन्मभर रजया शिवल्या त्या बाईने, आणि तिला भरण कळत नाही होय? मला यात दादांचाच हात दिसतोय."

धाकट्यालाही तोच वास येत होता. भावांचं रजयांचं दुकान होतं तेव्हा दादा गल्ल्यावर बसायचा आणि धाकटा आत शिवायचा. "सुई धरावी बायकांनी आणि आमच्या धाकट्याने," असं दादा गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. मग एका वसतिगृहाच्या रजयांमधला कापूस पहिल्याच धुण्यात गोळा झाला, आणि भर दुकानात दादा म्हणाला, "भरण याने निवडलं." निवडलं होतं दोघांनी मिळून. तेव्हापासून धाकट्याने दादाचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि कुणाला कसला सल्लाही दिला नव्हता. भाजी कुठली करू म्हणून बायकोने विचारलं तरी तो "तुला वाटेल ती" म्हणायचा.

"उत्तर दिलंत की अडकलात," बायको म्हणाली. "रजई बिघडली की नाव घ्यायला तुम्ही आहातच."

उन्हाळ्यात त्याने चौकोन नुसते चिमटीत दाबून पाहिले होते, भरणात काही खोट आहे का म्हणून. आज चष्मा पुसून तो खिडकीशी गेला आणि त्याने टाके पाहिले. एक टाका तांदळाएवढा, तर पुढचा बोटाच्या पेराएवढा. ओळ मध्येच खाली घसरलेली.

"हे वहिनीचे टाके नाहीत."

"मग कुणाकडून तरी मुद्दाम घालून घेतले असतील. तुमची परीक्षा!"

त्याने चौकोन उलटा केला. दोरा संपला तिथे शिवणाऱ्याची बारीक गाठ नव्हती. दोन वेढे आणि वर एक फास होता, ओढला की सुटणारा. दुकानातली पुडकी अशी बांधली जायची, घरी नेऊन गिऱ्हाइकाला चटकन सोडता यावीत म्हणून. ही गाठ गल्ल्यावरचा माणूस मारायचा. त्याला दुसरी येतच नव्हती.

फासाकडे गेलेला हात धाकट्याने मागे घेतला.

"दादाने शिवलंय हे."

"दादांनी? सुईने?" बायको हसली. तिने पत्र उचललं. वहिनीचं अक्षर ओळ सोडून चाललं होतं, दुसरी ओळ पहिलीवर चढली होती. उन्हाळ्यात दोघांनाही ती घाई वाटली होती, थोडी मिजासही.

"दिसत नाहीये तिला," धाकटा म्हणाला.

बायकोने कापसाच्या चौकोनावरच्या तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "बोटात अंगुस्तानसुद्धा घातलेलं नाही. सुई टोचून घेतलीय."

धाकट्याने सुई-दोरा काढला आणि सुई टोचू नये म्हणून बोटात आपलं धातूचं अंगुस्तान चढवलं. कापूस चांगला होता, पण त्याला दाट टाके हवेत. या टाक्यांत तो पुन्हा गोळा झाला असता. पॉलिस्टरचे तंतू सुईच्या भोकांतून आत्ताच वर आले होते. लोकरीत मात्र सुई न अडता उतरली, आणि तिथली दादाची शेवटची ओळ जवळजवळ सरळ होती. लोकर विरळ टाक्यांतही जागच्या जागी राहिली असती.

त्या ओळीच्या खाली त्याने आपली एक ओळ घातली, शाळेत गिरवायला देतात तशी, आणि शेवटची गाठ आत ओढून घेतली. मग बोटातलं अंगुस्तान काढून चौकोनाबरोबर लिफाफ्यात टाकलं.

"अहो, चार शब्द लिहा तरी."

कागदावर तो बराच वेळ खाडाखोड करत बसला. शेवटी लिहिलं, 'दादा, लोकर घाल. भरण मी निवडलं आहे.'

बायकोने वाचलं. "असं लेखी देऊन टाकता? आणि उद्या काही झालं म्हणजे?"

त्याने लिफाफा चिकटवला आणि वर दादाचं नाव घातलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीची फट अरुंद होती. लिफाफा अंगुस्तानापाशी अडकला. धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जाड कापडातून सुई काढावी तसा, उघड्या बोटाने रेटून, त्याने तो पलीकडे घातला.