सायीचा थर

आई गेल्यापासून फ्रिज गार राहीनासा झाला. शैलाला काळजी होती सायीच्या भांड्याची. आई त्यात रोज दुधावरचा एक थर घालायची. ती साय आंबली तर आईच्या हातचं काही उरणार नव्हतं. उल्हासनगरहून आलेल्या परसराम मेकॅनिकनं फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहिला. "गॅस ठीक, रबर ठीक. दार सारखं उघडतंय कोण, ताई? चोरून आइस्क्रीम खाता काय?" "मी एकटीच असते. दिवसभर कंपनीत." "मग कुलूप लावा ना!" दुसऱ्या दिवशी फ्रिजला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून ती अंबरनाथला कामावर गेली. संध्याकाळी कुलूप तसंच होतं. आत मात्र ऊब होती, आणि सायीवर नवा ओला थर. दूध तर तिनं तेराव्यालाच बंद केलं होतं. शैलानं भांडं जागेवर ठेवलं, दार लावून किल्ली कुलपातच राहू दिली.