पुसलेले फोटो

नवऱ्याने रोजच्यासारखा तिचा फोन तपासला, काहीच सापडेना तेव्हा पलंगावर भिरकावला आणि आंघोळीला गेला. तिचा जीव भांड्यात पडला. दंडावरच्या वळांचे फोटो वकीलबाईंना पाठवून तिने सकाळीच पुसले होते.

ती हॉलमध्ये आली तेव्हा सासूबाई टीव्हीवर नातीचे फोटो बघत होत्या. नातीच्या पाठोपाठ पडदाभर सुनेचा काळानिळा दंड आला. घरातल्या प्रत्येक फोनमधला फोटो आपोआप नवऱ्याच्या क्लाउड खात्यात जातो, फोनमधून पुसला तरी तिथे राहतो, हे ती साफ विसरली होती.

सासूबाईंनी घाईघाईने टीव्ही बंद केला. बाथरूममध्ये पाणी अजून वाहत होतं.

"तो यायच्या आत तिथूनही पूस. तुझं खातं वेगळं कर," त्या कुजबुजल्या आणि त्यांनी बाही वर सारली. "मग माझाही फोटो काढ."