उत्तराला लागणारा वेळ

"या मशीनवर कुठलाही गेम लोण्यासारखा पळतो, ताई," दुकानदार म्हणाला.

"मला गेम खेळायचा नाही." ती हे तिसऱ्यांदा सांगत होती. तिचा आवाज चढला तसा सोबत आलेला दीर शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसला.

टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले होते. एक घरचाच जुना. दिराच्या हट्टापायी त्यात कालच जास्तीची मेमरी घातली होती. दुसरा नवा, मधल्या किमतीचा. तिसरा सगळ्यांत महाग, आतून निळे दिवे लावलेला.

"वहिनी, जुना आता बरा पळतोय की. उगाच नव्याच्या मागे कशाला लागायचं? दादाला दिवसाकाठी बोलायची असतात चार वाक्यं."

तिच्या मस्तकात तिडीक गेली.

त्याचा दादा म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी आजाराने त्याचे हातपाय गेले, वाचा गेली. राहिले ते डोळे. स्क्रीनवरच्या एकेका अक्षरावर तो नजर रोखायचा, खालचा छोटा कॅमेरा ती नजर टिपायचा आणि कॉम्प्युटर त्याचं वाक्य मोठ्याने म्हणायचा. म्हणायचा, पण सवडीने. अक्षर उमटायला वेळ, आवाज फुटायला त्याहून जास्त. तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळलेले असत, भेटायला आलेली माणसं चपला शोधत असत. अर्धं वाक्य स्क्रीनवर तसंच लटकत राही. त्या माणसांचा तिला असा संताप येई की दार त्यांच्या पाठीवर आपटावंसं वाटे. दोन मिनिटं थांबायला यांचं काय जातं? शेवटी उत्तर तिलाच द्यावं लागे.

तिने पिशवीतून तो कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "जाहिरातीतले आकडे मला ऐकवू नका. हा तिन्हींना लावून दाखवा."

दुकानदाराने कुरकुरत कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम तिन्हींवर घातला. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने तिन्हींवर डोळ्यांनी एकच वाक्य लिहिलं. मला तहान लागली आहे.

जुन्यावर अक्षरं पूर्वीपेक्षा भराभर आली, पण आवाज तसाच अडकला. तेवढ्यात कुणी उठून पाणी पिऊन आलं असतं. मधल्याने शेवटचं अक्षर पडताक्षणी वाक्य म्हटलं. महागड्यानेही अगदी तेव्हाच म्हटलं. केसभरही आधी नाही.

"मग हे काय नुसत्या दिव्यांचे पैसे घेता?"

दुकानदार खोक्याला चिकटपट्टी शोधू लागला.

"मधला द्या," ती म्हणाली.

गाडीत दिराने पुन्हा विषय काढलाच. "जुन्यावर भागलं असतं, वहिनी."

"तुमचं भागलं असतं, भाऊजी. एक दिवस तोंडाला पट्टी बांधून बसा, मग सांगा कशावर भागतं ते."

घरी मात्र त्याने स्वतः वाकून सगळ्या वायरी जोडल्या, स्क्रीन दादाच्या डोळ्यांसमोर येईल असा बसवला आणि चहाचा कप हातात घेऊन जरा चाचरतच विषय बदलला.

"एक विचारायचं होतं. पोरीचं लग्न ठरलंय. काका यायलाच हवेत म्हणून हटून बसलीये. दादाला आणाल ना?"

"नका आग्रह करू, भाऊजी." नवऱ्याकडे पाठ करून ती रिकामं खोकं दुमडत होती. "ह्यांना गर्दी सोसत नाही. लोक टक लावून बघतात, ते तर मुळीच आवडत नाही. मागे ह्यांचे मित्र जमणार होते, त्यांनाही मी नाहीच सांगून टाकलं. तसंच लग्नालाही ह्यांचं नाही म्हणून समजा."

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच मागून आवाज आला. सपाट, यंत्राचा, पण वेळेवर.

"मला विचारलंस कधी?"