पाठमोरी

आमची सून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. ‘आई’ या विषयावरच्या तिच्या चित्रपुस्तकाला यंदा पुरस्कार मिळाला. नातीनं काढलेली चित्रं समोर ठेवूनच तिनं त्यातली आई रंगवली होती. परीक्षक भरभरून बोलले, “पानोपानी आई पाठमोरी! ज्यानं त्यानं आपापल्या आईचा चेहरा आठवावा. काय कल्पना आहे!”

घरी आल्या आल्या सून सन्मानपत्र भिंतीवर लावायला लागली. खिळा ठोकता ठोकता तिनं लेकीला विचारलं, “चिमणे, आईला पाठमोरी काढायचं तुला सुचलं तरी कसं गं?”

“त्यात सुचायचंय काय? तू मला अशीच तर दिसतेस. आत्तासुद्धा.”



लाजेनं सुनेला वळताही येईना.