जोडसाखळी

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर रेघेमागून रेघ उमटत गेली आणि सोन्याच्या सपाट पृष्ठावर शेजारी शेजारी दोन साखळ्या दिसल्या. सर खुर्चीतून ताडकन उठले.

"अगं, जमलं की तुला! चार वर्षं डोकं खाल्लंस माझं!"

प्रयोगशाळेत तिला सगळे गोगलगाय म्हणत. सगळी हवा काढून घेतलेल्या भांड्यात सोन्यावर रेणूंची वाफ सोडायची, सोनं दोनशे अंशांवर तापवायचं, की रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळी बनते. हे करता करता ती मेटाकुटीला आली होती, कारण साखळी दर वेळी एकेकटीच यायची. सरांचं नाव झालं होतं ते जोडसाखळीमुळे, आणि ती पुन्हा बनवून दाखवल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. आज जोडी आली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"पोरीनं नाव काढलं हो!" सर फोनवर बायकोला सांगत होते.

तेवढ्यात तिची नजर चित्राच्या कोपऱ्यात गेली. तिथे कचऱ्याचा एक ठिपका होता. त्याच्या शेजारी, साखळ्यांमध्ये होतं तेवढ्याच अंतरावर, हुबेहूब तसाच दुसरा. पृष्ठ चाचपत फिरणारी यंत्राची सुई टोकाशी दुभंगली होती. अशा सुईला एकच वस्तू दोनदा दिसते, हे पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला शिकवलं होतं.

तिनं कुणाला काही न सांगता सुईला विजेचा झटका दिला. टोक सुधारायचा तोच उपाय, पण झटक्यानं ते कधी नीट होतं, तर कधी पुन्हा दुभंगतं. मग तीच जागा पुन्हा तपासली. आता ठिपका एक होता आणि साखळीही एकच.

भिंतीवर सरांचं बारा वर्षांपूर्वीचं चित्र मोठं करून लावलेलं होतं. चार वर्षं रोज ती त्यातल्या साखळ्याच बघत आली होती. आज तिनं कोपरे पाहिले. तिथलेही ठिपके जोडीजोडीनं होते. तिला सरांची दया आली आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"सर, जरा बघता का?"

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पडद्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. भिंतीकडे त्यांनी मान वळवली नाही.

"सुई बिघडली वाटतं," ते हळूच म्हणाले. "एक झटका दे."

"नाही सर, ती आत्ताच नीट झालीय."

सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

"माहितेय मला," ते म्हणाले. "माझं काय गं, माझं सगळं होऊन गेलंय. तुझा प्रबंध अडकलाय ना? दे झटका. दोन दिसेपर्यंत देत राहा."